भिंतीच्या अलीकडे नऊ मीटर

दुकानदारानं ठाण फळीवर आपटून उलगडलं आणि मला आमच्या मागच्या गटारातला मंगळवार दिसला. तोच लाल, जरा नारिंगीकडे झुकलेला, कापड रंगवून शिवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीखालून मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला उतरणारा. सोमवारी निळा येतो, बुधवारी शेवाळी, आणि गुरुवारचा असा काही काळा की त्याच्याकडे पाहून भाजी निवडायला बसवत नाही. रोझ हिलच्या त्या दुकानात मी खुर्चीला अभ्रा शिवायला कापड घ्यायला गेले होते. दुपारी दोन वाजता नियोजन खात्याचे साहेब यायचे होते, आणि आमच्याकडच्या एकुलत्या एक बऱ्या खुर्चीतून काथ्या बाहेर डोकावत होता. "कोराय," दुकानदार म्हणाला, "पोवळ्याचा रंग, मादाम. परदेशी जाणाऱ्या मालातलं बाद झालेलं ठाण आहे. हात तर लावून बघा." मी हात लावला. मऊ होतं. नाकाजवळ नेलं तर वास म्हणून नव्हता. म्हणजे वास तेवढा आमच्याकडे ठेवून घेतला होता आणि कापड परदेशी निघालं होतं. आठ वर्षं ज्याला नाक मुरडलं ते इतकं देखणं निघावं याचा मला राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी उगीच कापडाची किनार तपासत राहिले. तेवढ्यात त्यानं विचारलं, कुठं राहता? मी सांगितलं. "आँ, त्या कारखान्याच्या मागे? तिथं लोकांनी झाडं लावली होती ना? काय झालं हो त्या झाडांचं?" आणि मी, कुंती, अठ्ठेचाळीस वर्षांची, पोस्टमन सीतारामची बायको, अकरा घरांची सही घेऊन खात्याला पत्र लिहिणारी, बेटावरच्या क्रेओल बोलीत पटकन म्हणून गेले, "सिक्लोननं नेली." दुकानदारानं कात्री खाली ठेवली. "सिक्लोन?" तो म्हणाला. "यंदा वादळ आलंच कुठं?"

कापड न घेता बाहेर पडले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तरी मी बाहेर बघत नव्हते, माझ्या जिभेकडेच बघत होते. खोटं बोलायला तिला काही लागलंच नाही. ना घशात अडकलं, ना कान तापले. एवढं सोपं असेल तर दोन वाजता साहेबांपुढेही ती असंच करील, आणि मला कळायच्या आत ते कागदावर उतरलेलं असेल. मी खोटं कधी बोलत नाही असं नाही. माहेरी मोंतान्य ब्लांशला लहानपणी गाईसाठी गवत आणायला जाते सांगून उसाच्या आडोशाला बसून कागद वाचायची, ते खोटंच होतं. कागद म्हणजे खाऱ्या माशाची पुडी. मला शाळेतून तिसऱ्या वर्षी काढलं. मराठी अक्षरं देवळाच्या बैठकीतल्या शिकवणीला भावाच्या खांद्यावरून बघून शिकले आणि फ्रेंच शिकले माशाच्या पुड्यांवरून, त्यामुळे माझ्या फ्रेंचला अजून जरा मिठाचा वास येतो असं सीताराम म्हणतो. त्याच पुड्यांत, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, एका चौकोनात वाचलं की कुठल्याशा देशात कारखाना आणि घरं यांच्यामध्ये झाडांचा पट्टा ठेवतात. मध्ये कुणी काही बांधायचं नाही. धूळ, आवाज, वास, जे काय असेल ते झाडांनी आधी घ्यायचं आणि मग उरलं तर माणसांनी. मी तो तुकडा धुतला, दोरीवर वाळवला आणि ठेवून दिला. मला आठवतं, मला त्यात झाडांचं एवढं काही वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं ते मधल्या जागेचं. माझ्या जन्मात मी अशी जागा पाहिलीच नव्हती. मोंतान्य ब्लांशला ऊस थेट आमच्या कुडाला टेकायचा, झोपेत हात बाहेर गेला तर पात कापायची, आणि गळीत सुरू झालं की साखर कारखान्याची काजळी आईच्या भातावर तिळासारखी पडायची. आई ती बोटानं उचलायची आणि भात वाढायची. काम आणि घर यांच्यामध्ये काही असतं, असावं लागतं, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. मला माशानं सांगितलं.

इथं आलो तेव्हा मागे नुसता ऊस होता, म्हणजे माहेरच मागोमाग आलेलं. शहात्तर साली ऊस काढून कारखाना आला. सगळ्यांना आनंद झाला, माझ्या दोन्ही भाच्या तिथं शिलाईला लागल्या, तो आनंद खोटा नव्हता आणि आजही नाही. पण भिंतीपलीकडे बॉयलर दिवसभर घशात कफ अडकल्यासारखा घुरघुरायचा. गरम ओल्या लोकरीचा आणि सिरक्याचा वास यायचा, आणि कापसाची बारीक लव, जी दिसायची नाही पण दूध तापवलं की सायीत सापडायची. एक्याऐंशीत कारखान्यानं आणखी एक बॉयलर आमच्या स्वयंपाकघरांच्या पाठीला लावायचं ठरवलं, त्यांच्या भिंतीपासून आमच्या कुंपणापर्यंतची मोकळी पट्टी भरून. तेव्हा मी पेटीतून तो कागद काढला. पत्र तीन वेळा लिहिलं. सीताराम म्हणाला, "अगो, मी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाहिली, आता घरचंच पत्र वाहू?" पण नेलं त्यानं, टोपी घालून. खात्यानं सुनावणी घेतली. निकाल असा लागला की नऊ मीटरची ती पट्टी दोन वर्षं मोकळी ठेवायची, तिथं रहिवाशांनी झाडं लावायची. दोन वर्षांनी तपासणीच्या दिवशी माणसाच्या उंचीचा सलग हिरवा पट्टा उभा असेल तर ती जागा कायमची नकाशावर हिरवी होईल, कुणालाच बांधता येणार नाही. नसेल तर कारखान्याचा बॉयलर. माणसाच्या उंचीचा, हे शब्द वाचताना मी खूश झाले होते. कुठल्या माणसाच्या, एवढाच माझा विनोद होता तेव्हा, कारण आमच्या ओळीतला चंद्रमोहन कंडक्टर बसमध्ये ताठ उभा राहू शकत नाही आणि माझा नवरा कुठल्याही दारातून टोपीसकट जातो.

अडचण कारखान्याची नव्हतीच, आमचीच होती. या बेटावर घराजवळ झाड कुणाला नको असतं. सावली हवी, फळ हवं, पण झाड दुसऱ्याच्या अंगणात. जानेवारी लागला की लोक आभाळाकडे बघायच्या आधी झाडाकडे बघतात. "तू लाव गो," चंद्रमोहन म्हणाला होता, "आनि सिक्लोनात माझ्या पत्र्यावर आलं की मग तूच धर." हे बोलताना तो इंद्रदेवदादांच्या घराकडे बघणार नाही याची त्यानं काळजी घेतली, आणि म्हणूनच आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं. इंद्रदेवदादा आणि अनुसया आमच्या उजव्या हाताचे शेजारी. पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत झेर्वेझ नावाचा सिक्लोन आला, तेव्हा आमच्या अंगणातला आंबा मोडून त्यांच्या स्वयंपाकघरावर पडला. दादा दार धरायला आत गेले होते. पाय गुडघ्याखाली चिरडला, डॉक्टरांनी वाचवला म्हणतात, पण त्याच्यावर उभं राहून पुन्हा कधी भिंत बांधता आली नाही. त्याआधी निम्म्या रोझ हिलच्या भिंती त्यांच्या हातच्या. आता वेताच्या खुर्च्या विणतात. आंबा आमचा होता. सीतारामनं दोन दिवस आधी कोयता काढला होता, मीच म्हटलं, थांबा, वरच्या फांदीला अजून चार आंबे आहेत. चार. मला ते दिसतात अजून, हिरवे, एकीकडून पिवळे पडायला आलेले. त्या गोष्टीबद्दल त्या घरातून नऊ वर्षांत एक शब्द आला नाही. अनुसया कढीपत्ता मागायला येते, दादा माझ्या फ्रेंचची थट्टा करतात. आला असता शब्द तर बरं झालं असतं, मी कुठंतरी तो ठेवून दिला असता. न आलेला शब्द घरभर फिरतो. सह्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांचं घर मी शेवटचं ठेवलं होतं. दादांनी कागद मांडीवरच्या वेताच्या वर ठेवला आणि पहिली ओळही न वाचता सही केली. "कसली झाडं लावतेस?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, जांभूळ. वनखात्याचे लोक सुरू फुकट देत होते, चटकन उंच होतो म्हणून, पण सुरू मी पडलेले पाहिलेत, मुळासकट. जांभूळ उसाच्या बांधावर वाकताना पाहिलंय. "मंग बरं," दादा म्हणाले.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत लावली. दाट लावली, उसाच्या सरीसारखी, कारण आम्हाला दुसरं लावणं येतच नव्हतं. प्रत्येक घरानं आपल्या मागची ओळ सांभाळायची. पहिला पावसाळा ती बिचारी शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी राहिली. दुसऱ्यात वाढली. गेल्या डिसेंबरात आठ फूट झाली आणि एक दिवस मी मागच्या दारात उभी होते, काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, खूप वेळ कळेना, मग लक्षात आलं की भिंत दिसत नाही. आवाज होता, पण तो कुठून येतो ते दिसत नव्हतं, आणि जो दिसत नाही तो आवाज पावसासारखा सोसता येतो. पक्षी आले. काँदे, म्हणजे लाल ढुंगणाचे बुलबुल, भांडकुदळ. आमची बायकांची बैठक समोरच्या ओट्यावरून मागच्या दारी सरकली. त्या महिनाभरात मला जो गर्व झाला होता तो मी लपवायचा प्रयत्नही केला नाही. सीताराम म्हणायचा, "पत्र्यावर चढून ओरडायचं राहिलंय तेवढं."

आणि जानेवारीतली ती दुपार. पोलीस चौकीवर दोन लाल बावटे चढले होते आणि रेडिओवरचा माणूस त्याच्या त्या इस्त्री केलेल्या फ्रेंचमध्ये सांगत होता की वादळ ईशान्येला आहे आणि रोख बेटाकडे आहे. वारा अजून नव्हता. वारा नसणं हेच वाईट असतं, पानं ऐकत असल्यासारखी थांबतात. मी खिडक्यांना फळ्या लावल्या, पाणी भरलं, मेणबत्त्या काढल्या, आणि मागचं दार लावायला गेले तर समोर जांभळांचे शेंडे. माझ्या डोक्याहून उंच. ते शेंडे नव्हते, चार आंबे होते. मी कोयता घेऊन बाहेर कधी आले ते मला सांगता येणार नाही. मनात एवढंच ठरवलं होतं की शेंडे छाटायचे, छातीपर्यंत, म्हणजे वारा धरायला काही उरणार नाही. पहिल्या झाडाला हात घातला, डाव्या हातानं खोड धरलं, आणि उजवा हात खाली गेला. जमिनीलगत. एक घाव. तोच माझ्या बापाकडे कसायला असलेल्या अर्ध्या आर्पांतला, म्हणजे अर्ध्या एकर उसातला घाव, चौदाव्या वर्षापासून मनगटात बसलेला. ऊस खाली तोडायचा, जितका खाली तितका गोड, वीतभर बुडखा राहिला तर मालकाचा सरदार, म्हणजे मुकादम, काठीनं दाखवायचा आणि सगळी ओळ परत वाकून काढायला लावायचा. तीस वर्षांत मी ऊस तोडला नव्हता. हाताला कुणी सांगितलं नव्हतं की हा ऊस नाही. दुसरं झाड, तिसरं, मी डावीकडून उजवीकडे जात होते, तोडलेली झाडं मागे टाकत, शेंडे एका बाजूला, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. कंबरेला, खांद्याला, सगळ्या अंगाला आपण कुठं आहोत ते कळत होतं. मान वर केली तेव्हा डावीकडे चंद्रमोहन तोडत होता. त्याच्या पलीकडे त्याची मावशी भगवती, सत्तर वर्षांची, पदर खोचून, माझ्याहून सफाईनं. त्याच्या पलीकडे आणखी. नंतर मला कळलं की सगळ्यांनी एकच वाक्य मनात म्हटलं होतं, कुंतीबाय तोडतेय म्हणजे तिला काहीतरी माहीत असणार. सगळे उसाचेच. सगळ्यांचे हात खालीच गेले. तासाभरात दहा घरांमागची जमीन हजामत केल्यासारखी झाली. फक्त उजवीकडे एक ओळ उभी होती, आणि तिच्या मागच्या दारात इंद्रदेवदादा खुर्चीवर बसलेले. अनुसयेच्या हातात कोयता होता. दादा तिला म्हणत होते, "आत ठेव गो तो. बरा दिसत नाय तुझ्या हातात."

वादळ बेटापासून बऱ्याच अंतरावर वळलं आणि समुद्रातच म्हातारं झालं. सकाळी ऊन पडलं. मी दार उघडलं आणि भिंत घरात आली. इतकी मोठी होती का ती आधी? करडी, पाण्याचे ओघळ आलेली, आणि तिच्या वरून बॉयलरचं धुराडं थेट माझ्या चुलीकडे बघणारं. चंद्रमोहन कामावर जाताना कुंपणाशी थांबला. "आयो, कुंतीबाय," तो म्हणाला, "दोन वरसं पानी घातलं मी. तू थांबली असतीस तर मी पन थांबलो असतो." मी तशीच कापलेल्या खोडांतून चालत दादांच्या दारापर्यंत गेले. काहीतरी बोलावं लागणार होतं. ते वेताचं टोक दातांत धरून खुर्चीची बैठक ओढत होते. टोक सोडलं. "माझ्यासाठी तोडलंस ना?" मी मान डोलावली. रडायचं नाही असं ठरवलं होतं. "आंबा ठेवताना मला विचारलं नव्हतंस," दादा म्हणाले, "जांभळं तोडताना पन नाय विचारलंस. पाय माझा हाय ना गो? का तोही तुझाच?" आतून अनुसया म्हणाली, "अहो, सकाळी सकाळी काय?" "नऊ वरसं थांबलो," दादा म्हणाले, "आजून किती थांबू? बस कुंतीबाय. च्या घे." मी चहा घेतला. नऊ वर्षं जे ऐकायची वाट बघत होते ते असं थट्टेत आणि चहाबरोबर आलं, आणि मला हसू आलं, आणि मग जे यायचं ते आलंच. अनुसयेनं पदर दिला नाही, भांडी पुसायचं फडकं दिलं.

बस आमच्या फाट्याला थांबली तेव्हा साडेअकरा झाले होते. चालत घरी येताना मी साहेबांना काय सांगायचं ते जुळवत होते आणि दर वेळी वाक्य सिक्लोनपाशी येऊन थांबत होतं. सीताराम रजा काढून घरी होता. फाटक्या खुर्चीवर त्यानं आपला नवा टॉवेल घातला होता. "कापड?" "नाही आणलं." "बरं झालं. साहेबाला त्या टॉवेलावर बसव. पोस्टाचा आहे, सरकारी सरकारीवर बसेल." मग तो जरा गंभीर झाला. कारखान्याचं पत्र खात्याकडे आधीच गेलंय, त्याच्या कानावर आलं होतं. रहिवाशांनी स्वतःच अट मोडली, पट्टी आम्हाला द्यावी. "काय सांगणारेस?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, जे झालं ते. "आनि ते ऐकून तो काय करील?" मला माहीत नव्हतं. मी मागे गेले. एप्रिलचं ऊन तिरपं पडत होतं. बुडख्यांतून फुटवे आले होते, हे तर फेब्रुवारीपासून सगळेच बघत होते, तांबूस, मग पोपटी, आता मांडीपर्यंत. माणसाच्या उंचीचे नव्हते. मी वाकून एका बुडख्याचे फुटवे मोजले, सात. दुसऱ्याचे नऊ. पूर्वी एका जागी एक काठी उभी होती आणि तिच्या पायाशी सगळं मोकळं, लव तिथूनच आत यायची. खोडवा, माझा बाप म्हणाला असता, तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस. लागणीपेक्षा खोडवा दाट. मी तिथं उकिडवी बसले आणि सगळ्या जानेवारीचा पुन्हा हिशेब केला, या वेळी लाज बाजूला ठेवून. आम्ही तोडलं कारण आम्हाला भीती होती. पुढच्या जानेवारीतही ती असणार. तिच्या पुढच्याही. मी मेले तरी भगवतीच्या नातवंडांना असणार. मग ज्या पट्ट्यानं उंच राहायलाच हवं तो पट्टा आम्ही कधी टिकवूच शकणार नव्हतो, आणि हे आम्ही अट मान्य केली त्याच दिवशी ठरलं होतं. पुढे काय ते अजून कळलं नव्हतं. पण मला भूक लागली होती. मी दोन वाढप भात खाल्ला.

साहेब दोनला पाच कमी असताना आले. राधाकृष्ण नाव, तिशीचे, बूट पॉलिश केलेले, आणि बोलणं इतकं मऊ की मला त्यांच्या आईला भेटावंसं वाटलं. टॉवेलावर बसले नाहीत, थेट मागे गेले. चामड्याच्या डबीतली फीत, नकाशा, छापील फॉर्म. बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. आपल्यासाठी कुणाचा चेहरा पडावा याचं मला फार कौतुक वाटलं. "मौसी," ते हळू आवाजात म्हणाले, "हे तर मांडीएवढंच आहे." मी म्हटलं, हो. "फॉर्मात माणसाची उंची आहे." हो. त्यांनी मागे वळून बघितलं, घराघरांच्या दारांत सगळे उभे होते. मग ते माझ्या जवळ आले. "एक ओळ अशी लिहिता येते, मौसी. वादळात नुकसान. वादळ असलं की मुदत वाढते, दोन वर्षं. जानेवारीत दोन बावटे लागले होते, ते नोंदीत आहे. कुणी विचारणार नाही. तुम्ही फक्त तसं म्हणा, मी लिहितो." चांगला मुलगा. आणि माझी जीभ, तीच सकाळची, लगेच तयार झाली. मला ती टाळूला लागलेली जाणवली. आणखी दोन वर्षं. झाडं पुन्हा आठ फूट. कुणाचा दोष नाही. उजवीकडून दादांचा आवाज आला, त्यांचे कान नेहमीच चांगले. "वारा दहा घरांची तोडून गेला आनि माझी तेवढी ठेवून? भला वारा हो साहेब! त्याला सांगा, एकदा आमच्याकडे च्याला ये." भगवती फिसकन हसली. साहेब लाल झाले, पार मंगळवार झाले. पण मी हसले नाही, कारण तेवढ्यात मला पुढचं कळलं होतं. वादळ असं लिहिलं की कागदावर ही झाडं पडणारी झाडं होणार. दोन वर्षांनी कारखाना तोच कागद दाखवील, बघा, इथं झाड टिकत नाही. आणि त्याहून वाईट, आम्हीही तेच म्हणू. मी स्वतः म्हणेन. मागच्या दारात उभी राहून शेंड्यांकडे बघेन आणि कोयता शोधेन.

"साहेब," मी म्हटलं, "मी तोडली. ही इथून ही इथपर्यंत मी, मग या सगळ्यांनी माझं बघून. भीतीनं तोडली, आणि उसासारखी तोडली. लिहा तसं." चंद्रमोहन मोठ्यानं म्हणाला, "मी माझी मीच तोडली, तिनं नाय सांगितलं." त्याच्या तोंडून हे ऐकायला मला फार बरं वाटलं, पण आत्ता त्याला गप्प करायला हवं होतं. "लिहिलं तर जागा जाईल, मौसी," साहेब म्हणाले. मी त्यांना वाकायला लावलं. पॉलिशच्या बुटांसकट ते माझ्या शेजारी उकिडवे बसले, मी त्यांना फुटवे मोजायला सांगितले, आणि त्यांनी खरंच मोजले, बोट लावून. "सात," ते म्हणाले. "यातून पलीकडची भिंत दिसते का, इथं बसून?" त्यांनी बघितलं. "नाही." "आम्ही दर वर्षी तोडणार आहोत," मी म्हटलं, "बावटे लागायच्या आधी, नोव्हेंबरात. अर्धी ओळ एका वर्षी, अर्धी पुढच्या, म्हणजे भिंत एकदम उघडी पडणार नाही. आणि हात वर ठेवू, कंबरेला. शिकू. उंची मागाल तर आम्हाला झाड आणि घर यातलं एक निवडावं लागेल आणि आम्ही घर निवडू, कुणीही निवडील. म्हणून उंची लिहू नका. रुंदी लिहा. एवढ्या जागेत कुणी वीट ठेवायची नाही, त्यांनी नाही, आम्ही नाही. त्यात काय किती उंच वाढवायचं ते आम्ही बघू."

त्यांनी फॉर्म उलटून मागची बाजूही वाचली. "माझं काम शिफारस करायचं," ते शेवटी म्हणाले. "ठरवणारे वर आहेत." "मग शिफारस करा." "उंचीची ओळ खोडून रुंदीची घालावी, अशी?" "अशी. आणि तोडणाऱ्यांची नावं घाला, सगळ्या घरांची, म्हणजे तोडणं हा गुन्हा नाही, कामच आहे, हे त्यांना कळेल." दादा म्हणाले, "माझं नाव पन घाला. नोव्हेंबरात मी बसून तोडीन, तसाच हात कंबरेला जातो." साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि गुडघ्यावर फॉर्म धरून ती ओळ खोडली. आडवी, सरळ, दोनदा. मग फीत काढली. मी तिचं टोक घेतलं आणि फुटव्यांतून, पानं बाजूला करत, भिंतीपर्यंत गेले. आठ वर्षांत भिंतीला हात लावायची वेळ आली नव्हती. बॉयलरमुळे ती कोमट होती, ताप उतरत आलेल्या माणसासारखी. मी टोक तिच्यावर अंगठ्यानं दाबून धरलं. पलीकडे साहेब आमच्या कुंपणाशी वाकले होते.

"नऊ मीटर," ते ओरडले. "बरोबर आहे, मौसी. नऊ."

"फीत कुंपणाला टेकली नाही, टेकवा," मी म्हटलं. "आता बघा. नऊच्या पुढं काही आहे का?"

त्यांनी टेकवली, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "आहे," ते म्हणाले. "पंचवीस सेंटीमीटर."

"तेही लिहा."